पुढची दोन चाकं

वसुंधरा भिलाई-३ च्या स्टेशनवर गेली होती ती लसींचं खोकं सोडवायला, जीप घ्यायला नव्हे. पण पार्सल ऑफिसच्या मागे, रेल्वे क्वार्टरांच्या ओळीत एक बुटकी हिरवी जीप उभी होती. काचेवर खडूनं लिहिलेलं – 'बेचना है'. आणि जीपखालून दोन पाय बाहेर आले होते.

"किती वर्षांची आहे?" तिनं त्या पायांनाच विचारलं.

"माझ्याहून दोन वर्षांनी मोठी," पाय म्हणाले. "मी सत्तावीसचा."

मग पायांमागून बाकीचा माणूस निघाला. गालावर ग्रीस, हातात पाना. तिला पाहताच त्यानं तो पाना उगाचच या हातातून त्या हातात घेतला. हा अरुणकुमार, रेल्वे यार्डात चार्जमन, म्हणजे मिस्त्र्यांवरचा साहेब. मिलिटरीच्या लिलावातला सांगाडा आणून दोन वर्षं खपून त्यानं ही जीप उभी केली होती.

"मग विकता कावून?"

"रानावनात फिराले घेतली होती. पण सोबत कोणी नाही… एकट्याले चार चाकं काय करायचे?"

"मी पण एकटीच चालवणार हाव."

"तुमाले काम हाय ना," तो म्हणाला आणि किंमत तिनं न मागताच उतरवली.

काम तर होतंच. वसुंधरा पशुवैद्य होती. पाटणकडच्या अठरा गावांची गुरं तिच्या हवाली, आणि वाहन म्हणाल तर सायकल. तिकडची काळी कन्हार माती पावसाळ्यात अशी चिकटते, की सायकलवर बसण्याऐवजी सायकलच खांद्यावर बसते.

रुआबांध्याच्या घरी तिचे वडील मारोतराव मात्र कपाळाला आठ्या घालून बसले. "स्वस्त कावून देऊन राहिला तो? खोट असंल." अमरावतीचं एक स्थळ चालून आलं होतं. मुलगा चांगला, पण मुलीनं नोकरी सोडावी ही त्यांची अट. तेव्हा मारोतरावांनीही अट घातली. "घे जीप. पण एक वेळ जरी लोकाईनं ढकलून काढा लागली, तर गाडी विकायची अन् अमरावतीले हो म्हणायचं."

"मंजूर," वसुंधरा म्हणाली. हट्टात ती बापाच्या वरताण होती.

अरुणकुमारनं एका संध्याकाळी तिला सगळं शिकवलं. गिअर, ब्रेक, आणि बाजूचा छोटा दांडा. "चिखल आला की हा ओढायचा. चारही चाकं जोर लावतात. अन् पुढच्या चाकाईचं…"

तिनं चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला होता. तो मध्येच थांबला.

"पुढच्या चाकांचं काय?"

"काही नाही… चष्म्याबिगर पहिल्यांदाच पाहिलं तुमाले."

तिचे कान गरम झाले. चष्मा नीट पुसला न पुसला, तशीच जीप घेऊन निघाली. रस्ताभर सगळं धूसर, आणि तरी छान दिसत होतं.

पंधरा दिवस जीप देखणी चालली, तो छोटा दांडा ओढायची वेळच आली नाही. या पंधरा दिवसांत मारोतरावांना दुसरंच कोडं पडलं. "एक पोरगा सायकलनं येते अन् पत्ता विचारून जाते. एकदा सेक्टर सात विचारला, एकदा पोस्ट, अन् आज म्हणते रुआबांधा कुठं हाय! रुआबांध्यातच उभा राहून!" वसुंधरा पोट धरून हसली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र हसू आटलं. केवलराम या शेतकऱ्याची गाय तपासून परतताना जीप बांधाजवळ चिखलात बसली. तिनं दांडा ओढला. मागची चाकं गरगर फिरली, पुढची ढिम्म.

"बइला लानौं का, डाक्टरिन बाई?" केवलराम बैल आणायला निघालाच.

तिनं मान हलवली. उद्या बैलांचा सण, आज त्यांच्या खांद्यांना हळद-लोणी लागलेलं. त्यांच्या मानेवर जू ठेवायला ती कशी सांगणार? आणि गावकऱ्यांनी हात लावला की अमरावती. बाबांचंच खरं झालं, तिला वाटलं, खोट होती आणि ती लपवली. जीप जाणार याचं दुःख झालंच, पण त्यानं फसवलं याचं जास्त झालं. का जास्त झालं, हे तिला तिथंच, चिखलात उभ्या उभ्या कळलं.

तिच्या सांगण्यावरून केवलरामनं गावच्या राइस मिलमधून अरुणकुमारच्या यार्डात फोन केला. दीड तासानं मिलच्या ट्रकमधून अरुणकुमार उतरला. तिच्याकडे न बघता गुडघाभर चिखलात शिरला. पुढच्या चाकाच्या मधोमध हातानं चिखल खरवडला, आतली पितळी कळ फिरवली – कट्. पलीकडे जाऊन दुसरी – कट्.

"आता चालवा."

जीप कण्हली, एका अंगावर कलली… आणि आपल्या पायांनी वर आली.

वसुंधरा खाली उतरली. "हे आधी कावून नाही सांगितलं?"

"त्या दिवशी सांगून राहिलो होतो… मग चष्मा…" त्यानं चिखलाचे हात पँटला पुसले. "पेट्रोल वाचावं म्हणून म्याच बसवल्या त्या कळा, फिरवल्याबिगर पुढची चाकं जोर लावत नाहीत. मंग सांगाले तीनदा घरी आलो. दर वेळी दार तुमच्या बाबांनी उघडलं. अन् मी आपला पत्ता विचारून परत!"

"तो पोरगा तुमी?" तिला हसू आलं, डोळेही भरले. "तुमच्या भित्रेपणापायी लगन लागलं असतं माझं, अमरावतीत!" तिनं अट सांगितली. त्याचा चेहराच उतरला.

"काचेवर लिवलं होतं, पण जीप विकायचं मन नव्हतंच मले," तो हळूच म्हणाला. "तुमी विचारलं म्हणून दिली. म्हटलं, तिच्या निमित्तानं येणं-जाणं राहील… मले तुमी लई आवडता, डॉक्टरीणबाई."

पाऊस भुरभुरत होता. वसुंधरानं चष्मा काढला, पुसलाच नाही, तसाच हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. "बसा बाजूला," ती म्हणाली. "दारापर्यंत आलेच होते ना? आज मी नेते."

दिवेलागणीला मारोतराव फाटकात उभे होते. त्यांनी बॉनेटपर्यंत माखलेली जीप पाहिली. "ढकलून काढली?"

"नाही बाबा. आपल्या चाकांनी आली."

मग त्यांची नजर बाजूच्या सीटवर गेली. चिखलानं भरलेला तो चेहरा त्यांनी बरोबर ओळखला.

"काय रे, आज कोणचा पत्ता पाहिजे?"

अरुणकुमार सीटवरून खाली उतरला. वसुंधरा पुढे झाली नाही. हे त्यानंच बोलायचं होतं.

"हाच, काका."

मारोतरावांनी दोघांकडे पाहिलं. मग त्यांनी फाटक पुरतं उघडलं.

"तीनदा बाहेरूनच गेला लेका. पाय धू अन् आत ये."