जागा नंबर चौदा

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

मार्लिस हास्केट माझ्या शेजारची. पामर गावात आमची दारं समोरासमोर आहेत आणि गेली बावीस वर्षं मी इथेच राहतो. तिने हे सगळं मला तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सांगितलं. शेवटचा भाग मात्र मी स्वतःच्या कानांनी ऐकला. तो नसता ऐकला तर मीही हसलो असतो.

घटना मागच्या अकरा जुलैची. ठिकाण हॉब्सन लँडिंग, इथून दोन दिवसांच्या वाटेवर, समुद्रकाठी, जिथे रस्ता संपतो. वेळ दुपारची चार वाजून दहा मिनिटं. लख्ख उजेड होता.

अलास्कात हिवाळा लांबतो आणि माणसं डोकं शाबूत ठेवायला उन्हाळ्याचे बेत आखतात. मार्लिस जानेवारीपासूनच वही घेऊन बसली होती. मोटरहोमचे, म्हणजे चाकांवरच्या घराचे, टायर, गॅसची टाकी, डासांचं औषध, अस्वलासाठीचा फवारा, साल्मन माशाचे डबे... यादी अकरा पानांवर गेली. नवरा ऑरिन तिला चिडवायचा. "चंद्रावर गेलेल्यांनीसुद्धा एवढी यादी केली नसेल," तो म्हणायचा.

ती ऐकून घ्यायची. तिला ही सहल हवीच होती.

ऑरिनशी तिचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. चार वर्षांत तो तिच्याबरोबर कुठेही गेला नव्हता. मोटरहोम मागच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होतं. त्याची पहिली बायको थिआ नऊ वर्षांपूर्वी अशाच एका सहलीत समुद्रात गेली. "चुकीच्या जागी उभी राहिली. तिचीच चूक," एवढंच तो सांगायचा. कुठे, कशी... हूं नाही की चूं नाही. मार्लिसला वाटायचं, हा एकदा मोकळा झाला की आपला संसार खऱ्या अर्थाने सुरू होईल. नाहीतर आपण आयुष्यभर दुसरीच्या घरात पाहुण्यासारख्या राहणार.

गाडी लावून मुक्काम करायच्या जागांचं आरक्षण सकाळी आठला उघडतं. त्या दिवशी मार्लिस साडेसातपासून संगणकासमोर बसली होती. तिने स्प्रूस बे नावाचं ठिकाण निवडलं. जागा नंबर सहा, झाडाखालची. नाव भरलं. बटण दाबलं.

कागद छापून आला.

त्यावर लिहिलं होतं... हॉब्सन लँडिंग. जागा नंबर चौदा.

तिला वाटलं, आपलाच हात चुकला. परत स्प्रूस बे उघडलं तर ते भरलं होतं. तिने आणखी पाच ठिकाणं पाहिली. जुलैत कुठेही जागा नव्हती.

संध्याकाळी तिने ऑरिनला सहज सांगितलं. तो सूप पीत होता. त्याने चमचा खाली ठेवला.

"कोणी सांगितलं तुला हे ठिकाण?"

तिने कागद पुढे केला. तेव्हा तिला कळलं की थिआ तिथेच गेली होती. आणि तीही... चौदा नंबरलाच.

मार्लिसने तिथल्या तिथे सहल रद्द करायची तयारी दाखवली. पण ऑरिन इरेला पेटला. मी काय कुणाचं घोडं मारलंय? लपवायला माझ्याकडे काही नाही. आपण तिथेच जायचं, असं म्हणून तो उठला आणि बाहेर जाऊन ताडपत्री काढू लागला. मार्लिसच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पण चार वर्षांनी माणूस निघायला तयार झाला होता. तिने पाल झटकली.

मे महिन्यात ती मोटरहोम झाडायला घुसली. चालकाच्या दारातल्या खणात तिला एक पिवळा वॉकीटॉकी सापडला. पाठीवर नखांच्या लाल रंगाने 'ओ' लिहिलेलं होतं. ओ म्हणजे ऑरिन. म्हणजे जोडीतला दुसरा, थिआचा, तिच्याबरोबर पाण्यात गेला असणार.

ज्यांनी असं वाहन चालवलंय त्यांना हे सांगायला नको. एवढी लांब गाडी जागेत उलटी, म्हणजे मागे घेत, लावायची तर एकाने मागे उभं राहून वॉकीटॉकीवरून सांगावं लागतं. ये, ये, डावीकडे घे, थांब. यावरून नवराबायकोंची हमखास जुंपते. आजूबाजूचे लोक खुर्च्या टाकून, बिअर उघडून तमाशा बघतात. नियम मात्र एकच आहे आणि तो सगळे पाळतात. मागचा माणूस आरशात दिसेनासा झाला की ब्रेक.

मार्लिसने वॉकीटॉकीचं बटण फिरवलं. टक्. आवाज नाही. मागचं झाकण उघडलं तर आत बॅटरीच नव्हती. तिने तो स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी ती यादीत साखर लिहीत होती. बाहेर स्वच्छ ऊन. घर शांत.

खिडकीतून आवाज आला...

"थांब."

बाईचा आवाज. पाठीमागे वारा आणि पाणी.

"थांब, ऑरिन... थांब."

मार्लिसने घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने झाकण पुन्हा उघडलं. बॅटरी नव्हती.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशीही तेच, त्याच वेळी. पाचव्या दिवशी तिने ऑरिनला तो वॉकीटॉकी दाखवला. थिआच्या वेळी तुझा बंद पडला होता का, असं तिने साधंच विचारलं. त्याच्या तोंडाचं पाणी पळालं. बॅटरी संपली होती, पोलिसांनाही मी तेच सांगितलं, असं म्हणत त्याने तो तिच्या हातातून ओढला आणि कचऱ्यात टाकला. तासाभरात कचऱ्याची गाडी येऊन डबा घेऊनही गेली.

आता मार्लिसला एकच गोष्ट खात होती. तिला सापडला तेव्हा त्या वॉकीटॉकीचं बटण बंद केलेलं होतं. बॅटरी संपली तर तो आपोआप गप्प होतो. मेलेल्या यंत्राला कोणी बंद करतं का?

दहा जुलैला ते निघाले. पहिला दिवस छान गेला. वाटेत त्यांनी रुबार्बची गोड पाई खाल्ली, ऑरिनने शीळसुद्धा घातली. दुसऱ्या दिवशी पाऊण वाट सरल्यावर मात्र मार्लिसला राहवेना. ती आपली उद्याची जेवणं, मासेमारीचा परवाना, पाण्याची नळी यांबद्दल बोलत होती आणि ऑरिन अचानक म्हणाला, "पुरे. सारखी बडबड. अगदी तिच्यासारखी."

तिने वही मिटली.

"ऑरिन, तू तो वॉकीटॉकी बंद केला होतास. हो ना?"

दोन मैल गेले. मग बोलला, आणि जणू त्यात वावगं काहीच नव्हतं अशा सुरात.

"तीनशे मैल ऐकलं होतं मी तिचं. हे चुकलं, ते चुकलं. मला पाच मिनिटं शांतता हवी होती. बटण फिरवलं, बस. तिने आरशात दिसेल असं उभं राहायला नको होतं?"

"आणि दिसली नाही तेव्हा तू ब्रेक मारलास?"

त्याने गाडीचा वेग वाढवला.

मार्लिस मला म्हणाली, त्या क्षणी मला तो माणूस नकोसा झाला. चार वर्षं मी ज्याची कीव केली, ज्याला हसवायला धडपडले, तो हा. एका बाईला त्याने समुद्रात ढकललं आणि वर चूकही तिच्याच माथी मारली. मला उतरायचं होतं. पण तिथे रस्त्याला घर नव्हतं, फोन लागत नव्हता, आणि पुढे एकच गाव होतं.

हॉब्सन लँडिंगला ते चारला पोचले. चौदा नंबरची जागा टोकाला होती. मागे खडीचा कडा, खाली वीस हात खोल पाणी, आणि ओहोटी लागलेली. शेजारच्या तेरा नंबरवर लेम नावाचे एक म्हातारे गृहस्थ हॅलिबट मासा भाजत होते. त्यांनी हात केला.

थिआ गेल्यानंतर गावाने कड्यावर एक जाडजूड ओंडका आडवा टाकला होता, गाडी घसरू नये म्हणून. लेम यांनी तो सकाळीच पाहिला होता. त्यावर बसून ते कॉफी प्यायले होते.

मार्लिस मागे जाऊन उभी राहिली.

ओंडका नव्हता...

खडीत तो घसटल्याची खूणही नव्हती.

तिच्या हातात नव्या जोडीतला वॉकीटॉकी होता. दुसरा ऑरिनपुढे होता आणि या खेपेला त्याने आवाज पूर्ण मोठा केलेला. त्याला सिद्ध करायचं होतं ना, की आपण किती काळजी घेतो. मार्लिस आरशात स्पष्ट दिसेल अशी, बाजूला उभी होती. आरशात तिला त्याचा चेहरा दिसत होता.

गाडी मागे येऊ लागली. तिने दोन्ही हात वर करून फुली केली. थांब.

गाडी येतच राहिली.

तिने बटण दाबलं. "थांब. ऑरिन, थांब."

आणि चालकाच्या उघड्या खिडकीतून आवाज बाहेर आला... मोठा, गोड, समजुतीचा...

"ये. ये. अजून ये. भरपूर जागा आहे."

लेम यांनी तो ऐकला. हातातला चिमटा टाकून ते धावले. आरशात ऑरिन मार्लिसकडे बघत होता आणि मान हलवत होता, बरं बरं म्हणावं तसा. त्याला तिथे कोण दिसत होतं, कोण जाणे.

मागची चाकं कड्यावरून सुटली. मग सगळीच गाडी गेली.

वरून बघताना मार्लिसला फक्त बुडबुडे दिसले आणि तिची अकरा पानांची वही. पानं सुटी होऊन पाण्यावर पसरत होती.

पोलिसांनी लिहून घेतलं. वॉकीटॉकी नीट न चालल्यामुळे अपघात. नऊ वर्षांपूर्वीच्या कागदावरही हेच वाक्य होतं. लेम यांनी जबाबात आवाजाबद्दल काही सांगितलं नाही. पण निघताना ते मार्लिसला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाई, मी काही बोलणार नाही. पण आवाज तुझाच होता."

ही हकीकत मार्लिसने मला सप्टेंबरात सांगितली. सांगून झाल्यावर तिने कप बाजूला सारला. मग म्हणाली, "मी 'थांब' म्हणाले, हे खरं आहे. पण लगेच नाही म्हणाले. एक श्वास जाऊ दिला. एकच."

मी म्हणालो, तुझी यात काही चूक नाही. ती हसली.

"हेच वाक्य ऑरिन स्वतःला सांगायचा."

खिडकीत एक पिवळा वॉकीटॉकी ठेवलेला होता. गाडी वर काढल्यावर ऑरिनच्या मांडीवर सापडलेला, पोलिसांनी तिचाच समजून परत दिलेला. त्याच्यावर शंखशिंपल्यांचे पांढरे खवले चढले होते. नऊ वर्षं पाण्यात राहिल्यासारखे. मी तो उलटा करून पाहिला. बॅटरीचं झाकण गायब, आत वाळू. आणि नखांच्या लाल रंगात इंग्रजी 'टी'. थिआचा.

मी तो खाली ठेवला. घड्याळाकडे माझं लक्ष नव्हतं. मार्लिसचं होतं.

आधी वारा ऐकू आला. मग पाणी.

मग...

"थांब... मार्लिस... थांब..."

तो आवाज मी बावीस वर्षं ओळखतो. कुंपणावरून मला करवत उसनी मागणारा आवाज. ऑरिनचा.

मी मार्लिसकडे पाहिलं. ती घाबरलेली नव्हती. तिने शांतपणे हात लांब केला आणि बटण फिरवलं.

टक्.

आवाज तिथेच तुटला.

"रोज येतो," ती म्हणाली. "मला पाच मिनिटं शांतता लागते." आणि तिने माझ्या कपात कॉफी ओतली.

त्यानंतर मी तिच्याकडे गेलेलो नाही. काल तिने कुंपणावरून हाक मारली. नवं मोटरहोम घेतलंय, पुढच्या उन्हाळ्याचा बेत चाललाय म्हणाली. यादीही सुरू केली आहे. गाडी अंगणात उलटी लावायची आहे, तर मागे उभं राहून सांगायला कोणीतरी हवं होतं.

मी पाठदुखीचं निमित्त सांगितलं. तिने मान हलवली, बरं बरं म्हणावं तशी.

ती अजून माझी वाट बघते आहे. गाडी रस्त्यावरच उभी आहे, तिची पाठ माझ्या दाराकडे.