दिवाळीपासून अडचण नाही

आरोग्य केंद्रातल्या नव्या यंत्रात जयमालाबाईंचा फायदा एकच होता, पण त्यांना तो लाखमोलाचा वाटत होता. 'पाळी' हा शब्द चारचौघांत उच्चारावा लागणार नव्हता.

लेक ओवी तेविशीची. चेहऱ्यावर मुरुमं, हनुवटीवर राठ केस आणि दिवाळीपासून पाळीचा पत्ता नाही. जयसिंगपूरच्या आरोग्य केंद्रात आता 'दिशक' बसवला होता. रोग्याचं बोलणं ऐकून, चेहरा न्याहाळून कोणत्या तज्ज्ञाकडे जायचं ते हे यंत्र ठरवी. त्याच्या चिठ्ठीशिवाय एकही तज्ज्ञ दार उघडत नसे. लोक खूश होते. चार दवाखाने हिंडून पाचव्यात बरं व्हायचे दिवस संपले होते.

"या मावशी," दिशक म्हणाला. नाती त्याला नीट शिकवली होती. "काय त्रास?"

"मला नाही, हिला. तोंडावर मुरुमं, हनुवटीला केस."

"आई, मी सांगते ना..."

"तू गप. मागं पाटलीणबाई बसल्यात."

पाटलीणबाईंना तीन लग्नाळू भाचे होते, आणि त्या तिघांच्याही वाटचे कान त्यांनाच मिळालेत, असा जयमालाबाईंचा समज होता.

"आणखी काही?" दिशकनं विचारलं.

जयमालाबाई यंत्राशी वाकल्या. आवाज पार खाली आणून म्हणाल्या, "दिवाळीपासून अडचण नाही."

"उत्तम. दिवाळीपासून अडचण नाही," दिशकनं नोंद केली आणि त्वचारोगतज्ज्ञाची चिठ्ठी बाहेर सरकवली.

"बघ, किती समजूतदार," बाहेर येताच जयमालाबाई म्हणाल्या. "माणसानं उलटसुलट विचारून जीव खाल्ला असता."

"अगं, 'अडचण' म्हणजे पाळी, हे त्याला कळलंच नाही. बायकांच्या डॉक्टरकडे जायला हवं होतं आपण."

"लग्नाआधी त्या दारात? गाव बोटांवर महिने मोजायला बसेल!"

त्वचारोगतज्ज्ञ कामात चोख निघाले. लेसरनं केस काढले, ते परत आले, परत काढले. चिठ्ठीबाहेरचं विचारायची त्यांना मुभा नव्हती; हौसही नव्हती. बघायला येणाऱ्या पाहुण्यांपुरता ओवीचा चेहरा नितळ राही.

पुढच्या दिवाळीत चकल्या तळताना ती ओट्यापाशीच कोसळली. वर्षभर न आलेलं रक्त थांबेना. तातडीच्या रुग्णाला चिठ्ठी लागत नाही, म्हणून ती शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. रेहाना मुजावर यांच्यापर्यंत पोचली.

तपासण्यांचे निकाल आले तेव्हा डॉक्टर खुर्ची ओढून मायलेकींजवळ बसल्या. "पीसीओएस आहे. बीजकोशातून बीज सुटत नाही, पाळी थांबते आणि गर्भाशयाचं अस्तर आत जाड होत राहतं. हिचं इतकं झालंय की पेशी बदलायला लागल्यात. कॅन्सर नाही, अजून. पण औषधं आणि दर काही महिन्यांनी अस्तराचा तुकडा काढून तपासणी. मूल हवं असेल, तर आधी हे निस्तरायचं. पहिल्याच दिवशी माझ्याकडे आणली असती, तर मी संप्रेरकतज्ज्ञांनाही सोबत घेतलं असतं. दिशकला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की! अडचण नाही म्हणून सांगितलं."

डॉक्टरांनी दिशकमधलं ध्वनिमुद्रण लावलं. मग त्याला तसाच दबका आवाज, तेच शब्द तालुकाभरातल्या नोंदींत शोधायला सांगितले. पडदा नावांनी भरत गेला. या वाक्यानंतर बायका सुटल्यासारख्या चेहऱ्यानं उठतात, एवढं दिशक शिकला होता. म्हणून पाळीबद्दलचा पुढचा प्रश्नच त्यानं वगळून टाकला होता.

यंत्राला 'अडचण' शब्दाचा दुसरा अर्थ शिकवायला एक दुपार पुरली. बायकांना मात्र फोन करावे लागणार होते.

"मी करते," ओवी खाटेवरून म्हणाली. "मला म्हणता येतो तो शब्द."

जयमालाबाईंनी सवयीनं दाराकडे पाहिलं. मग फोन तिच्या हातात दिला.

पहिलाच फोन एका पुरुषानं उचलला.

"वहिनींना देता का जरा? आरोग्य केंद्राकडून बोलतेय. पाळीबद्दल विचारायचंय."

"आमच्या घरात कुणाला काही अडचण नाही." फोन बंद.

ओवीनं तोच नंबर पुन्हा लावला. तिच्या घरात लाज आईची राखली गेली आणि किंमत भरली तिच्या शरीरानं. त्या घरात ती कोण भरत होतं?