धक्क्यावरचा होकार

सतरंजीचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं समुद्रात. वारा सुटला होता. आता एक तर सतरंजी तरी जाईल नाही तर मी तरी, असं झालं होतं, तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या एप्रनची गाठ धरून मला ओढलं.

"सोडा ती! माणूस महत्त्वाचं की सतरंजी?"

"सतरंजी," मी म्हटलं. "ती घरमालकिणीची आहे."

तो हसला. एवढ्या मोठ्याने हसणारं माणूस मी हेलसिंकीत तोवर पाहिलं नव्हतं. मग पालथा पडून त्याने हात लांब केला, पाण्यातलं टोक पकडलं, आणि भिजून जड झालेलं ते धूड आम्ही दोघांनी ओढून वर घेतलं.

काइवोपुइस्तो बागेच्या खाली समुद्रात बांधलेला तो लाकडी धक्का. उन्हाळ्यात सगळं शहर आपापल्या चिंध्यांच्या सतरंज्या तिथे धुवायला आणायचं. लांब टेबलं, पाइनच्या साबणाचा वास, खसाखसा ब्रश, आणि कडेला पिळायचं यंत्र. यंत्राला दोन माणसं लागतात. एकाने सतरंजी लाटण्यांमध्ये सारायची, दुसऱ्याने दांडा फिरवायचा. एकट्या माणसाला तिथे कोणाला तरी हाक मारावीच लागते. मला ते फार अवघड वाटायचं. मी तेवीस वर्षांची होते, टोप्यांच्या कारखान्यात शिवणकाम करत होते, आणि आठवडे आठवडे माझं नाव कोणी उच्चारत नव्हतं.

त्या दिवशी तर शहरच ओस पडलं होतं. जूनच्या अखेरचा सण. ज्यांची तळ्याकाठी घरं होती ते तिकडे गेले होते. उरलो होतो आम्ही, ज्यांना कुठे जायचं नव्हतं.

"मी दांडा फिरवू?" त्याने विचारलं. "की तुम्ही स्वतःच सारणार आणि पलीकडे धावत जाऊन फिरवणार?"

"फिरवा."

"नाव काय?"

"आइली."

"मी आर्वो. बास, एवढंच बोलता? एका शब्दाला काय भाव पडतो तुमच्याकडे?"

मला हसू आलं. ते लपवायला मी खाली वाकून नुकताच धुतलेला कोपरा पुन्हा घासला.

आर्वो पूर्वेकडच्या कारेलिया प्रांतातला. महायुद्धात तो मुलूख रशियाकडे गेला, तेव्हा चार वर्षांच्या आर्वोला आईने गाडीत घालून इकडे आणलं होतं. तिकडची माणसं बोलकी, हे मी ऐकून होते. तो सुताराच्या हाताखाली काम करायचा आणि गुडघे धरलेल्या आत्याच्या सतरंज्या धुवायला यायचा.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेले. आता माझ्या एका खोलीत सतरंजी असून असून किती असणार? घरमालकिणीच्या संपल्या. मग मी शेजारणीचं दार वाजवलं, मग वरच्या मजल्यावरचं. बायका म्हणायच्या, "काय गुणी पोर आहे!" मी मान खाली घालून सतरंज्यांची गुंडाळी खांद्यावर टाकायची.

"तुझ्या घराला खोल्या तरी किती गं?" जुलैत एकदा आर्वोने विचारलं. तोवर आम्ही 'तुम्ही' सोडलं होतं. "राजवाड्यात राहतेस का?"

"आणि तुझ्या आत्याची ही निळी सतरंजी? गेल्या वेळीही हीच होती."

तो कानापर्यंत लाल झाला. "ती... लवकर मळते."

"अगदी कोरडी, स्वच्छ दिसतेय."

"मग तू यंत्र फिरवणार आहेस की तपासणी करणार आहेस?"

दुपारी धक्क्याच्या कडेला पाय सोडून आम्ही थर्मासमधली कॉफी प्यायचो. माझा वेलचीचा बन, त्याच्या आईने केलेल्या भाताचं सारण भरलेल्या, राय धान्याच्या पिठाच्या करंज्या. तो बोलायचा, मी ऐकायची. त्याचा कोपर चुकून माझ्या दंडाला लागला की पुढचं वाक्य मला ऐकूच यायचं नाही. घरी गेल्यावर मात्र जिन्यात माझ्याच पावलांचा आवाज यायचा. आठवड्याचे बाकीचे दिवस कसे गेले ते आठवायला गेलं तर काहीच आठवत नाही.

ऑगस्टमध्ये ऊन तिरपं झालं, धक्क्यावरची गर्दी विरळ झाली. आम्ही यंत्रापाशी उभे होतो. मी दांडा फिरवत होते.

"आइली, स्वीडनला काम मिळतंय. जहाजं बांधायच्या कारखान्यात. पगार इथल्या दुप्पट. पुढच्या शनिवारी बोट आहे." तो थांबला. बोलता बोलता तो कधी थांबत नसे. "जाऊ नये असं वाटतंय... राहू का मी इथे? तुझ्यासाठी?"

आता आमच्या हामे प्रांतातली रीत सांगायला हवी. आमच्याकडे तोंड उघडायचं ते नकार द्यायला. शेजारी एकदा वडिलांना म्हणाला, तुमचा तपकिरी घोडा मला द्याल का? वडील गप्प बसले. दुसऱ्या दिवशी शेजारी लगाम घेऊन आला. गप्प म्हणजे हो, हे तिथे लहान पोरालाही ठाऊक असतं.

मी गप्प बसले. कान तापले होते. नजर पाण्यावर ठेवून मी दांडा फिरवत राहिले. जन्मात एवढा मोठा होकार मी कोणाला दिला नव्हता.

आर्वोने सतरंजी उचलली, हळूहळू घडी घातली.

"बरं," तो म्हणाला आणि गेला.

तो आठवडा मी तरंगत होते. शनिवारी बन भाजून धक्क्यावर गेले. तो नव्हता. होती फक्त मार्फा मावशी. नेहमी यायची, तीही कारेलियाचीच.

"कोणाची वाट बघतेस?" तिने विचारलं. "तो गेला ना. सकाळी मला निरोप देऊन गेला. तोंड हे एवढंसं झालं होतं."

"पण तो राहणार होता! त्याने मला विचारलं..."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

"काही नाही?" मार्फा मावशीने ब्रश टेबलावर आपटला. "अगं पोरी, आमच्यात गप्प बसणं म्हणजे तोंडावर दार लावणं! चल, पळ. बोट सुटायची आहे अजून!"

ओला एप्रन, पायात रबरी बूट, तशीच मी किनाऱ्याने दक्षिण बंदराकडे धावत सुटले. पोचले तेव्हा दोर सुटले होते. बोट आणि धक्का यांच्यामध्ये पाण्याची पट्टी रुंदावत होती. तो कठड्याशी उभा होता.

"आर्वो!" मी ओरडले. "हो! मी हो म्हणत होते!"

निरोप द्यायला आलेले सगळे वळून पाहू लागले. घराला आग लागली असती तरी मी इतक्या मोठ्याने ओरडले नसते. त्याने तोंडाशी दोन्ही हात धरून काहीतरी ओरडून सांगितलं, आणि नेमका तेव्हाच भोंगा वाजला. बोट बेटांच्या मधून निघून गेली.

एकमेकांचा पत्ता आम्ही कधी विचारला नव्हता. दुसऱ्याच्या घराची चौकशी करणं बरं दिसत नाही, म्हणून. मार्फा मावशीही धक्क्यापुरतीच ओळखीची. थंडीत तोही बंद. त्या हिवाळ्यात समुद्र गोठला, अंधार दुपारीच उतरायचा, आणि शनिवारी बर्फ फोडत बोट आली की मी बंदरावर जाऊन उतरणारे चेहरे बघायची. सगळे उतरले की परत फिरायची. वाटेत मनाशी तोच खेळ: काय म्हणाला असेल? 'वाट बघ'? की 'आता उशीर झाला'?

मे महिन्यात तो उतरला. बारीक झाला होता. हातात एक पेटी.

'कसा आहेस' वगैरे मला काही सुचलं नाही. "त्या दिवशी काय म्हणाला होतास?" मी विचारलं.

"मी? मी म्हटलं, 'ऐकू येत नाही, परत सांग.'"

"म्हणजे... तू ऐकलंच नाहीस?"

"एक अक्षर नाही."

"मग परत कशाला आलास?"

"हामेची मुलगी," तो म्हणाला, "नकार द्यायला रबरी बूट घालून बंदरापर्यंत धावत येत नाही. एवढं कळायला मला अख्खा हिवाळा लागला." त्याने पेटी खाली ठेवली. "पण आता सांग. तोंडाने सांग."

आणि मी सांगितलं.