जाणारा आणि राहणारा

"अरे, मरायला निघालायस की चिंचा पाडायला?" जगदेवी ओरडली. "जरा तोंड गंभीर कर की!"

गुंडा फिस्सकन हसला. काजळाच्या मिशा काढून ट्रंकेवर बसलेल्या राजासमोर गंभीर राहायचं म्हणजे काय थट्टा आहे?

नाताळची सुट्टी लागली होती. बसलिंगप्पांच्या चादरींच्या कारखान्यात, गोदामाच्या एका कोपऱ्यात, शाळेच्या संमेलनातल्या नाटकाची तालीम चालली होती. गोष्ट ग्रीस देशातली, फार जुनी. राजा एका तरुणाला मरणाची शिक्षा देतो. तो म्हणतो, घरच्यांचा निरोप घेऊन येतो. त्याचा मित्र म्हणतो, तोवर मला कोंडा, हा नाही आला तर मला फाशी द्या! मास्तरांनी सांगितलेली ग्रीक नावं काही कुणाच्या जिभेवर बसेनात. म्हणून मुलांनी त्या दोघांना सरळ 'जाणारा' आणि 'राहणारा' करून टाकलं होतं. जाणारा होता कुंभारी गावचा गुंडा, मेंढपाळाचा मुलगा, पळण्यात शाळेत पहिला. राहणारा होता चन्नवीर. तो शिकण्यासाठी बसलिंगप्पाकाकांकडे राहत असे. आणि राजा होती काकांची मुलगी जगदेवी. आवाज तिचाच सगळ्यांत मोठा होता ना!

"पर चन्नू, खरं सांग," गुंडा म्हणाला, "दुसऱ्यासाठी आसा कोण जीव देतंय व्हय? आपल्या वर्गात मागितली तर पेन्सिल देत न्हाईत!"

चन्नवीर उत्तर देणार, तेवढ्यात दारातून गर्जना झाली.

"चादर कुठाय?"

बसलिंगप्पा आत आले. मागोमाग दिवाणजी कल्लप्पा. चादर म्हणजे हत्तींची चादर! नव्या नमुन्याची पहिलीच, लाल जमिनीवर हिरवे हत्ती. संध्याकाळी हैदराबादचे व्यापारी तीच बघायला येणार होते.

"परवा या पोरांनी ती सिंहासनावर घातली होती," कल्लप्पा म्हणाले. "काल वेळ अमावस्या, कारखान्याला सुट्टी, सगळे शेतात. परवा गोदामातनं सगळ्यात शेवटी कोण निघालं? हाच गुंडा!"

"म्या घडी घालून ट्रंकेवरच ठेवली व्हती काका! धूळ लागू नये म्हणून चांगली बाजू आत करून!"

"मग काय पाय फुटले तिला?" काका कडाडले. "चादर मिळेपर्यंत तू इथून हलायचं नाहीस!"

गुंडाचा चेहरा उतरला. "काका, मला जाया पायजे. आमची मेंढरं आज खतासाठी दुसऱ्या शेतात बसवायची हायत. बा तापानं पडलाय, आई एकटी हाय. मेंढरं हलवतो आन् दिवेलागणीच्या आत येतो. खंडोबाची आण!"

"छान! म्हणजे गेलास तो गेलासच!"

"त्याच्या जागी मी बसतो," चन्नवीर म्हणाला.

चन्नवीर हे बोलून स्वतःच दचकला होता. पण शब्द मागे घ्यावा असं त्याला मुळीच वाटलं नाही.

"आणि दिवे लागले तरी तो आला नाही तर?" काकांनी विचारलं.

"तर चादर मी चोरली असं समजा."

"समजेन! मग घरात चोर ठेवणार नाही मी. शाळा बंद, उद्याच तुला गावी पाठवीन. कबूल?"

"कबूल," चन्नवीर म्हणाला.

गुंडा त्याच्याकडे बघतच राहिला. मग पळत सुटला. कल्लप्पांनी गोदामाला बाहेरून कडी घातली आणि दाराशी स्टूल टाकून बसले.

जगदेवी तरातरा मागच्या घरात गेली. रडावं की कुणाला तरी चिमटा काढावा, हेच तिला कळेना. आई, म्हणजे काशम्मा, कपाट लावत होती.

"बघ की गं," आई म्हणाली, "काल खोपीवर घालायची शाल घरातच राहिली!"

वेळ अमावस्येला शेतात कडब्याच्या पेंढ्यांची छोटी खोप करतात. आत पांडव म्हणून पाच दगड मांडतात आणि खोपीवर नवं कापड घालून पूजा करतात. जगदेवीनं काल ती पूजा पाहिली होती. पण खरं सांगायचं तर तिचं सगळं लक्ष पानातल्या भज्जी, उंडे आणि आंबिलीकडे होतं!

"मग काल खोपीवर काय होतं गं?"

"काय की! काहीतरी हिरवं होतं. वर झेंडूच्या इतक्या माळा, कोण बघतंय?"

"हिरवं?" आपली चादर तर लाल! जगदेवीनं धावत जाऊन आपल्या अंथरुणावरची चादर ओढली. वरून निळी जमीन, पांढरी फुलं. उलटली, तर पांढरी जमीन आणि निळी फुलं! सोलापुरी चादरीच्या मागच्या अंगाला रंगांची अदलाबदल होते, हे सोलापुरातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. आणि चादरी विकून मोठे झालेल्या आपल्या अप्पांना ती ओळखू येऊ नये?

"अगं आई गं!" म्हणत तिनं चन्नवीरची सायकल बाहेर काढली.

त्यांचं शेत कुंभारीला होतं, खोपीवरचं कापड अजून तिथंच असणार; आणि कुंभारीचा रस्ता चांगलाच लांब. गेल्या वर्षी दुष्काळात ही रानं नुसती भकास पडली होती. यंदा ज्वारी पुरुषभर वाढली होती आणि वाऱ्यावर सळसळत होती. पण बघायला वेळ कुणाला? त्यात अर्ध्या वाटेवर सायकलची चेन पडली! ती बसवताना तिचे दोन्ही हात काळे झाले आणि घाम पुसता पुसता राजाच्या मिशा गालभर पसरल्या.

इकडे ऊन कलंडलं. गोदामाच्या झरोक्यातून चन्नवीर रस्ता बघत होता.

"नाही येत तो," कल्लप्पा बाहेरून म्हणाले. "ते भटकं बिऱ्हाड, बाबा. आज इथं, उद्या तिथं!"

"येईल."

"आणि नाही आला तर?"

"दिवाणजी, तुम्ही तुमचं स्टूल सांभाळा!"

सूर्य टेकला. काकांनी येऊन कडी काढली. दिव्याच्या बटणाकडे त्यांचा हात गेला, पण ते दाबावं असं त्यांना वाटत नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं.

"काका! थांबा!"

धापा टाकत गुंडा दारात आला. पायात वहाण नव्हती. एक अंगठा ठेचाळून रक्त आलं होतं.

"वाटंतच एक मेंढी व्याली. कोकरू उचलून न्यावं लागलं, म्हणून उशीर झाला. चादर काय मला घावली न्हाई काका. पर मी आलोय. आता चन्नूला सोडा!"

चन्नवीरनं त्याला कडकडून मिठी मारली. काकांनी बटणाकडे गेलेला हात मागे घेतला.

तोच बाहेर सायकलची घंटा खणखणली! काखोटीला बोचकं मारून जगदेवी आत शिरली आणि तिनं एक हिरवं कापड जमिनीवर पसरलं. त्याला हळद आणि झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या.

"अप्पा, हे काय आहे?"

"खोपीवरचं कापड. काल पूजेला होतं की."

"कुणी घातलं?"

"मीच घातलं!" कल्लप्पा ऐटीत म्हणाले. "मालक म्हणाले, ट्रंकेवरचं सामान गाडीत टाक. पूजेच्या बोचक्याखाली ही हिरवी चादर होती, शाल सापडेना म्हणून..."

जगदेवीनं चादर उलटी केली. लाल जमीन! हिरवे हत्ती!

"काल तुम्ही दोघांनी हिला हात जोडले होते," ती म्हणाली. "आणि आज हिच्यासाठी गुंडाला चोर केलंत!"

कल्लप्पा हळूच स्टुलावर बसले. बसलिंगप्पांच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते मावळलं. ते गुंडासमोर उकिडवे बसले आणि आपल्या उपरण्यानं त्याचा अंगठा पुसू लागले.

"चुकलं रे तम्मा माझं. चादर सापडली म्हणून म्हणत नाही. चादर सापडायच्या आधीच तू शब्द पाळून आलास, आणि तुलाच मी चोर ठरवलं, त्याची मला लाज वाटते." मग ते चन्नवीरकडे वळले. "आणि तू रे? दिवसभर इथं बसून भीती नाही वाटली?"

"वाटली की," चन्नवीर म्हणाला.

"तो येणार नाही म्हणून?"

"नाही काका. तो येणारच होता. आला तरी तुम्ही त्याला चोरच म्हणाल, याची भीती वाटत होती."

काकांनी मान खाली घातली. मग त्यांनी दोघांच्याही पाठीवर हात ठेवला.

"कल्लप्पा, आत सांगा, आज ही तिन्ही पोरं माझ्या पंगतीला बसणार आहेत. व्यापारी थांबतील!"