मागचे दोन स्पीकर

हेमचंद्रांना आवाज हवा होता तो चारी बाजूंनी. लखनौच्या लालबागेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात ते खुर्ची मागून घेऊन मधोमध बसले आणि दुकानदाराला एकामागून एक सेट वाजवायला लावले. समोर तीन स्पीकर, पाठीमागे दोन आणि टेबलाखाली धडधडणारा एक डबा. टेस्टच्या सीडीतलं हेलिकॉप्टर डाव्या कानापाशी उठलं, डोक्यामागून फिरून उजवीकडे उतरलं, तेव्हा ते लहान मुलासारखे हसले.

"सर, घर में बजाना क्या है?"

"मेरे लेक्चर्स. पुरानी कैसेट हैं."

"कैसेट में तो दो ही तरफ़ की आवाज़ होती है, सर. पीछे वाले चुप बैठे रहेंगे. दो वाला सेट ले जाइए."

चुप बसणं हा प्रकार हेमचंद्रांना मुळातच मंजूर नव्हता. त्यांनी मोठाच सेट बांधून घेतला.

आवाज हा त्यांचा अभिमान. औषध संशोधनात त्यांच्याहून हुशार माणसं खूप होती, पण व्याख्यानाला उभं राहावं ते हेमचंद्रांनीच, असं सगळे म्हणत आणि ते स्वतः जरा जास्तच म्हणत. आता निवृत्ती आली होती. निरोपाच्या समारंभात जुन्या व्याख्यानांची सीडी वाटायची आणि वर तासभर मनसोक्त बोलायचं, असा बेत होता. त्या तासासाठी ते महिनाभर आरशासमोर तयारी करत होते.

जानकीपुरमच्या घरी मैत्रेयीने दुपारी सगळं जोडून दिलं. लेक कॉम्प्युटर शिकत होती. जन्म लखनौचा, त्यामुळे मराठी कळायचं सगळं, पण उत्तर कायम हिंदीत. बाहेर जानेवारीचं धुकं इतकं दाट होतं की भर दुपारी ट्यूब लावावी लागली होती. कॅसेट टेपमध्ये घालता घालता ती थांबली.

"पापा, इन सब पे सेलोटेप क्यों चिपकी है?"

"जुन्या आहेत गं. लाव तू."

कॅसेटच्या पाठच्या कडेला प्लास्टिकची दोन चिमुकली झाकणं असतात. ती मोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. मैत्रेयीची आई, चारुलता, रोजचा रियाज टेप करायची आणि संपला की केसातल्या आकड्याने ती झाकणं मोडून टाकायची. घरी जेवायला येणारे लोक हेमचंद्रांचं बोलणं अर्ध्यात तोडून म्हणायचे, भाभीजी, कुछ सुनाइए. ते त्यांना सोसलं नाही. मोडलेल्या जागी सेलोटेप लावली की कॅसेट पुन्हा भरता येते, हे त्यांना ठाऊक होतं. चारुलता नागपूरला माहेरी गेली असताना त्यांनी एकूण एक कॅसेटवर आपली व्याख्यानं चढवली. ती परत आली, टेप लावली, ऐकलं आणि बंद केली. त्यानंतर ती गायली नाही. मैत्रेयी पाळण्यात असतानाच ती वारली. आईचा आवाज कसा होता, असं पोरीने पुढे विचारलं, तेव्हा हेमचंद्रांनी सांगितलं, तिनेच सगळं पुसून टाकलं.

टेप सुरू झाली. समोरून हेमचंद्रांचा तरुण, भरदार आवाज खोलीत आला. ते डोळे मिटून मागे रेलले.

पाठीमागे कुणीतरी तानपुरा छेडला.

"पापा... पीछे कुछ बज रहा है."

"घरघर असेल. लक्ष देऊ नकोस."

तानपुऱ्यात एका बाईचा सूर मिसळला. खालचा सा, अगदी सावकाश लावलेला. खोलीत चारुलताच्या केसांतल्या जास्वंदीच्या तेलाचा वास आला, हेमचंद्रांच्या मानेजवळून. मागचा सूर भरत गेला तसा समोरचा आवाज बारीक होत गेला, आणि मग वाक्यांमधले शब्दच गळायला लागले.

तेवढ्यात लाइट गेली. यूपीएसवर कॉम्प्युटरचा पडदा तेवढा उजळ राहिला. स्पीकर भिंतीतल्या प्लगवर होते, त्यांचे दिवे विझले. समोरचे तीन गप्प झाले. मागचे दोन गातच राहिले.

"पापा... ये कौन गा रही हैं?"

"रेडिओ... शेजारच्यांचा..."

हे म्हणताना त्यांचा आवाज फाटला. गाणं थांबलं. मग कानाच्या इतक्या जवळून, की केस हलले, ती म्हणाली,

"अहो... मी मोडली होती ना ती... तुम्ही पट्टी का लावलीत?"

मी नाही, असं ते ओरडायला गेले. ओठ हलले, छाती फुगली, मानेच्या शिरा ताठ झाल्या. आवाज निघाला नाही. मैत्रेयी हातातल्या दुसऱ्या कॅसेटकडे बघत होती, तिच्या कडेवरच्या पिवळ्या पडलेल्या पट्टीकडे. नंतर तिने वडिलांकडे पाहिलं. तिला सगळं समजलं होतं, आणि तिच्या डोळ्यांत दया नव्हती.

डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. समारंभात हेमचंद्र हार घालून बसून राहिले, बाकीचे बोलले. कॅसेटवरची व्याख्यानं नाहीशी झाली आहेत. प्रत्येक कॅसेटवर आता चारुलताचा रियाज आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ. मैत्रेयी रोज तो लावते, आणि हेमचंद्र रोज मधल्या खुर्चीत येऊन बसतात. त्यांना येणं भाग आहे. दोन ताना संपून तिसरी सुरू होण्याआधीच्या पोकळीत, डाव्या मागच्या स्पीकरमधून एक पुरुष हाका मारतो, मैत्रेयी, मैत्रेयी... तो आवाज त्यांचा आहे. रोज तो थोडा कमी होतो, कारण रोज त्याच्यावर गाणं चढतं.

काल त्यांनी पाटीवर लिहिलं, याची सीडी करून ठेव, निदान एवढा तरी राहू दे. मैत्रेयीने पाटी वाचली. बोटाने अक्षरं हळूहळू पुसली, स्पीकरचा आवाज वाढवला आणि जन्मात पहिल्यांदा स्वच्छ नागपुरी मराठीत म्हणाली,

"राहू द्या ना आता, अहो. ऐकत बसा."