टोकं रस्त्याकडे

दार ओढून घे रे आर्बेन, आणि राकीची बाटली इकडे सरकव. लुट्फीची गोष्ट ऐकायचीय ना? वरच्या आळीतला लुट्फी. रोज माझ्याबरोबर कॉफी पितो. थाप मारायचीसुद्धा अक्कल नाही त्याला, म्हणूनच सांगतो.

त्याचा थोरला भाऊ नेशात म्हणजे पायाला भिंगरी. ग्रीस झालं, इटली झाली, जर्मनी झाली, कुठे बूड टेकलं नाही. उन्हाळ्यात यायचा, आईच्या चुलीपाशी बसून म्हणायचा, "घर ते हेच रे!" आणि आठवड्यात पुन्हा पसार. लुट्फी मात्र इथेच. छप्पर त्याने दुरुस्त केलं, म्हातारीचं शेवटपर्यंत त्याने केलं. पण नेशात आला की म्हातारीचा चेहरा उजळायचा. लुट्फी जळायचा. नुसता जळायचा.

तोंडाने बोलायचा नाही. बूट फिरवायचा. पाहुणा आत गेला की आपण त्याचे बूट फिरवून ठेवतो ना, टोकं रस्त्याकडे, निघताना सोपं जावं म्हणून? घरच्या माणसाचे कुणी फिरवतं का? हा सख्ख्या भावाचे फिरवायचा. नेशात बघायचा आणि निघताना तसेच पायात घालायचा.

गेल्या ऑक्टोबरात त्याचा फोन आला. "लुट्फी, आता कायमचा येतोय. दमलो रे. चुलीजवळची माझी जागा ठेव."

"ठेवतो की," लुट्फी म्हणाला. त्याची बायको झेनेपे सांगते, फोन ठेवला आणि समोरचं ताट सरकवून दिलं त्याने.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, रात्री अकराच्या बसला, तो भावाला आणायला खाली सडकेवर गेला. बस आली. नेशात नव्हता. फोनही बंद. खरं सांगू? लुट्फीला बरं वाटलं. शीळ घालत घरी आला.

उंबऱ्याबाहेर बूट होते. नेशातचे. तपकिरी, इटलीतले. ओले. टोकं घराकडे.

"टॅक्सीने आला वाटतं साहेब," तो पुटपुटला आणि सवयीने बूट फिरवले. आत गेला. चूल विझलेली. झेनेपे झोपलेली. बाकी कुणी नाही.

"दादा?"

...

परत दाराशी आला. टोकं घराकडे.

फिरवले. पाठ वळवली. पुन्हा बघितलं.

घराकडे.

मग त्याचं डोकंच फिरलं. "घर माझं आहे!" तो ओरडला. "तू पाहुणा आहेस. पाहुणा!" आणि बूट उचलून अंधारात भिरकावले.

पडल्याचा आवाज आला नाही...

आतून आला. चुलीपासून. दमलेला.

"बरं..."

एवढंच.

सकाळी इटलीहून फोन. इकडे यायचं जहाज तिथेच रखडलं होतं; रात्री अकराच्या सुमारास, त्यात चढताना शिडीवरच नेशातचं हृदय बंद पडलं होतं.

इथे आणून मूठमाती दिली. आता घर एकट्या लुट्फीचं. वाटेकरी नाही, कुणी नाही. रोज रात्री तो आपले बूट उंबऱ्यापाशी काढतो, टोकं घराकडे. आतून कडी लावतो. आणि रोज सकाळी...

रस्त्याकडे.

काल कॉफी पिता पिता मला म्हणाला, "काका, मी कुठे जाऊ हो? मला दुसरं घरच नाही."

बाजूलाच झेनेपेचे बूट असतात. ते मात्र जसेच्या तसे. घराकडे.