माय दोनदा तयार झाली

सिहोऱ्यात धानाचे रोवणे, म्हणजे लावणी, सुरू झाले की दुपारी गावात चिटपाखरू नसतं. प्रविण मात्र घरीच लॅपटॉपपुढे डोकं धरून बसला होता. बाप गेल्यावर तो पुण्याची खोली सोडून आई मंदाबाईसाठी परतला होता. तिच्याशिवाय त्याला जगात दुसरं कुणी नव्हतं.

काम तसं साधं. रुग्णवाहिका बोलावण्याची वेब सेवा जुन्या फ्रेमवर्कवर, म्हणजे प्रोग्रामच्या तयार सांगाड्यावर, उभी होती; ती एका नव्या फ्रेमवर्कला जोडायची. जुनं काय, नवं काय, दोन्हींची रीत एकच: कुठल्याही भागाने स्वतः काही आणायला जायचं नाही, लागेल ते फ्रेमवर्कने हातात आणून द्यायचं. ताटावर बसलेल्याला वाढतात तसं. म्हणून सगळ्यांना हवं ते पुरवणाऱ्या भागाला प्रविणने लाडाने नाव दिलं होतं ‘माय’. ती एकच असायला हवी. पण सेवा सुरू केली की पडद्यावरच्या नोंदीत तीच ओळ दोनदा उमटे. ‘माय तयार झाली. माय तयार झाली.’ जुन्याने आपली केली, नव्याने आपली. एकीला दिलेला निरोप दुसरीच्या गावीही नव्हता.

“चाय घे बाबू.”

सकाळी बांधीत, धानाच्या शेतात, गेलेली मंदाबाई कधी परतली, त्याला कळलंच नव्हतं. कप ठेवून ती आत गेली. भांडी वाजू लागली. त्या आवाजावर त्याचे डोळे सुखाने मिटत होते.

तेवढ्यात शेजारची कुंताबाई रिकामी कळशी घेऊन दारात आली, पाय गुडघाभर चिखलाने माखलेले.

“पानी भरून दे गा प्रविण. तुही माय तं बांधीतून उठाचं नावच घेत नाही.”

“माय घरी हाय, मावशी.”

कुंताबाईने कळशी त्याच्या हातात दिली. “सकाळपासून माह्या बाजूलेच रोवून राहिली ते.”

त्याने दारातल्या रांजणातून भरून दिलेली कळशी घेऊन ती गेली. प्रविण आत डोकावला. मंदाबाई पाठमोरी उभी होती, निळ्या लुगड्यात. मागचं दार उघडं होतं. दूर बांधीतही एक निळं लुगडं वाकलं होतं.

तो परत लॅपटॉपपाशी येऊन बसला, कारण तेवढंच त्याला करता येत होतं. एक ओळ लिहायची: नव्याने आपली माय घडवायची नाही, जुन्याकडे मागायची. त्याला जुनीच हवी होती. ओळ लिहून त्याने सेवा बंद केली आणि पुन्हा सुरू केली.

भांडी थांबली.

नोंदीत ओळ एकदाच आली. ‘माय तयार झाली.’

त्याचा जीव भांड्यात पडला. मग ओळीपुढची वेळ दिसली. आत्ताची.

पुन्हा सुरू केल्यावर जुनं काहीच उरत नाही. ठेवलेलंही पहिल्यापासून घडवलं जातं. हे त्याला रोजचं ठाऊक होतं. “माय?” त्याने हाक मारली.

“काय पायजे बाबू?”

मंदाबाई मागच्या दारात बसून पाय धूत होती. चिखल उतरत गेला. चाळीस वर्षं रोवणे केलेल्या त्या टाचांना एकही भेग नव्हती.